देलने भरलेला खोका

विद्यार्थी म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडते. दरवर्षी कॉलेजांचे प्रकल्प सुरू झाले की ते आमच्या दारात उगवतात. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, हातात प्रश्नावली आणि काखेत बिस्किटांचा डबा. आमच्या घरात राहतात त्या मुली नोकरीच्या आमिषाने नेलेल्या, विकल्या गेलेल्या आणि कशाबशा सुटून आलेल्या. त्यांना ही पोरं विचारतात, "त्या वेळी तुमच्या मनात काय आलं?" मुली सांगतात. ऐकता ऐकता पोरांनाच हुंदका फुटतो, मग आमच्याच मुली त्यांना पाणी आणून देतात. निघताना सगळे मिळून फोटो काढतात, चेहऱ्यांचा नाही, हातांचा. आणि जे जातात ते जातातच. एकच परत आली. तिच्यामुळे आता कुठल्याही मुलीला घरी पाठवायच्या आधी आमच्यातलं कुणीतरी जाऊन तिच्या घरच्यांशी बोलून येतं. तिचं नाव मेरीदेल दाकुनो, आमची देल.

मी बेबा. फिलिपिन्समधल्या टॅक्लोबान शहरातल्या या घरात मी स्वयंपाक करते आणि सगळ्यांवर ओरडते. दोन्ही कामांचा पगार एकच आहे. मुली मला मानाय म्हणतात, म्हणजे थोरली बहीण, पण वयाने मी त्यांच्या आजीला जवळची. देल पहिल्यांदा आली तेव्हा मी दार अर्धंच उघडलं होतं.

"समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, मानाय," ती म्हणाली. "सुटून आलेल्या मुलींना कसली मदत मिळते, त्यावर प्रबंध लिहायचाय."

"बिस्किटं आणलीस?"

"हो."

"ठेव तिथे, त्या बाकीच्या डब्यांवर."

तिने डब्यांची ती चवड पाहिली आणि खो खो हसली. बुटकी, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, पायात भावाचे असावेत असे मोठे बूट. मला राग आला, कारण ती मला आवडली.

पहिली मुलाखत अर्लेनची ठरली. अर्लेन समार बेटाच्या पलीकडच्या एका लहानशा बेटावरची. तिच्या बाप्तिस्म्याला जी बाई तिची धर्ममाता म्हणून उभी राहिली, तिची निनांग, तिनेच तिला मलेशियातल्या हॉटेलात वाढपिणीची नोकरी आहे असं सांगून बोटीत बसवलं. हॉटेल नव्हतंच. खाली बार होता, वर खोल्या होत्या आणि खोल्यांना बाहेरून कडी होती. धाड पडली तेव्हा ती सुटली आणि आमच्याकडे आली.

देलने प्रश्नावली काढून पहिला प्रश्न वाचायला तोंड उघडलं, तर अर्लेन म्हणाली, "थांबा मॅम, मीच सांगते, तुमचा वेळ वाचेल. वय तेवीस. शिक्षण दहावी. नेणारी व्यक्ती ओळखीची होती का, होती. तेव्हा काय वाटलं, भीती वाटली. आता काय वाटतं, आशा वाटते. पुढे काय करायचंय, शिवणकाम. झालं. सही खाली करायची ना?"

खोलीत हशा पिकला. देलचे कान लालबुंद झाले. आता ही रडणार, असं म्हणून मी पाण्याचा ग्लास शोधायला लागले.

"शिवणकाम आवडतं का तुम्हाला?" देलने विचारलं.

"छे! दोरा ओवतानाच डोकं उठतं."

"मग तसं का सांगितलंत?"

"इथे मशीन तेच आहे, मॅम."

देलने कागद पिशवीत टाकले. "आधीच्या लोकांनी तुमच्याबद्दल जे लिहिलं, ते तुम्हाला वाचायला मिळालं का?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणालाच मिळालं नव्हतं. आजवर कुणाला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"मग मी असं करते," देल म्हणाली. "जिच्याबद्दल जे लिहीन, ते तिला आधी वाचून दाखवीन. नको असेल ते खोडायचं. का, ते मी विचारणार नाही. खोडलेलं माझ्या तोंडून कुठेही जाणार नाही."

"आणि सगळंच खोडलं तर?"

"तर माझी पदवी गेली. मग मला त्या मशीनवर बसवा. आणि मॅम म्हणू नका, मी तुमच्यापेक्षा लहान आहे."

तिने खरंच तसं केलं. दर आठवड्याला यायची, जेवायला बसायची, माशाचं कालवण आणि भात असा ओरपायची की मला दोनदा तांदूळ शिजवावे लागायचे, आणि मग एकेकीला बाजूला घेऊन तिचं तिला वाचून दाखवायची. मुलीही काही कमी नव्हत्या. एकीने 'अश्रू' शब्द खोडायला लावला. म्हणे, मी रडत नव्हते, मला सर्दी झाली होती. दुसरीने आपल्या भावाचा सगळा परिच्छेद उडवला. देल निमूट रेघ मारायची. तिच्या प्राध्यापिका वैतागल्या होत्या, देल त्यांची नक्कल करून दाखवायची, "दाकुनो, बाकीच्यांचे प्रबंध वाढतात, तुझा दर आठवड्याला वाळत चाललाय!"

एवढं सोसून तिला जे कळलं ते आम्हा कुणाला कळलं नव्हतं. बारवाल्यावरची अर्लेनची केस संपली होती. तिकीट मिळणार होतं. तरी ती घरी जायचं नाव काढत नव्हती. फायलीत लिहिलं होतं, मानसिक तयारी नाही. देलने तिला एकदा लसूण सोलताना सहज विचारलं, आणि अर्लेन, धाकट्या बहिणीला मारतात तशी हाक मारत, तितक्याच सहज म्हणाली, "काय घेऊन जाऊ, इंदाय?"

आमच्याकडे माणूस नुसता शेजारच्या गावी जाऊन आला तरी पाव घेऊन येतो. परदेशाहून येणाऱ्याचा तर कमरेएवढा खोका येतो. साबण, मांसाचे डबे, चॉकलेटं, टॉवेल. तो उघडायला आळी लोटते आणि प्रत्येकाच्या हातावर काहीतरी पडावंच लागतं.

"एवढी वर्षं परदेशात राहून हात हलवत गेले, तर आईला तोंडाने काही सांगावंच लागणार नाही," अर्लेन म्हणाली. "बघूनच कळेल सगळ्यांना. आईचं नाक कापलं जाईल."

देल त्या दिवशी भाताला दुसऱ्यांदा उठली नाही. भांडी घासताना मला म्हणाली, "माझी आई हाँगकाँगला आहे, मानाय. दुसऱ्यांची मुलं सांभाळते. मी चार वर्षांची होते तेव्हापासून आई यायची नाही, खोका यायचा. त्याला तिच्या कपाटाचा वास यायचा. रिकामा झाला की मी आत जाऊन बसायची." मग पातेलं उपडं घालत म्हणाली, "अर्लेनला खोका मिळाला पाहिजे."

आणि तो मिळाला. देलने वर्गातल्या पोरांना कामाला लावलं. कुणी साबण आणले, कुणी डबे. जुन्या कपड्यांच्या बाजारातून परदेशी छापाचे कपडे निवडून आणले, धुतले, इस्त्री केले. स्वयंपाकघरात बसून माझ्या तेलाने एकेक किमतीचं लेबल खरवडून काढलं, टॅक्लोबानच्या दुकानाचं नाव कुठे राहू नये म्हणून. माझ्या भाचीने दुबईहून पाठवलेला नवा कोरा टॉवेल मी वर ठेवला. आमच्या मुख्य सिस्टर पुरा यांनी स्वतः दोरी बांधली. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. अर्लेनने खोक्यावर जाड अक्षरात आपलं नाव आणि गाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती घरी गेली.

मागाहून अर्लेनचा फोन आला. आई तो टॉवेल खांद्यावर टाकून चर्चला जाते म्हणे. आम्ही टाळ्या वाजवल्या. देलने प्रबंधात शिफारस लिहिली की मुलीला रिकाम्या हाताने घरी पाठवू नये, आणि तिच्या प्राध्यापिकांनी तिचं पहिल्यांदा कौतुक केलं.

अर्लेनचं प्रकरण तेवढं वाचून दाखवायचं राहिलं होतं. मी म्हटलं, फोनवर वाच.

"फोनवर माणूस हो हो म्हणतो, मानाय. समोर बसलं की खोडतो."

म्हणून आम्ही दोघी निघालो. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली, बोटीत तिने माझ्या वाटचाही भात खाल्ला.

अर्लेनचं घर किनाऱ्याला लागून. तिने आईशी आमची ओळख करून दिली, "नानाय, या माझ्या कामावरच्या मैत्रिणी." या वयात मी हॉटेलात वाढपीण! पण तिची आई, पासिता, इतकी खुलली की आमचे हातच सोडेना. दर्शनी खोलीत तो खोका उभा होता. रिकामाच, पण वर झालरीचं कापड घालून त्यावर बाळ येशूची मूर्ती बसवली होती. देलने चष्मा पुसला.

तेवढ्यात एक मुलगी धावत आली. अर्लेनची चुलत बहीण जेस्सा, सतरा वर्षांची, दाताने कैरी तोडत.

"तुम्ही तिथल्याच का?" तिने देलला विचारलं. "तिथे गरम होतं का खूप? मी उद्या सकाळच्या बोटीने निघतेय. निनांग लोर्ना नेतेय आम्हा तिघींना."

"निनांग लोर्ना?" मी अर्लेनकडे पाहिलं. अर्लेनने मान खाली घातली.

"अर्लेनचीच धर्ममाता ना ती," जेस्सा म्हणाली. "माझी आई आधी नाहीच म्हणत होती. मग निनांग म्हणाली, जा, पासिताच्या घरी जाऊन खोका बघून ये, मग बोल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरामागे डुकरांच्या गोठ्याशी मी अर्लेनला धरलं.

"काय ऐकतेय मी हे?"

"ती रोज येते, मानाय. सगळ्यांसमोर मला मिठी मारते. कानात म्हणते, मी तुझं झाकते, तू माझं झाक."

"गावच्या प्रमुखाकडे, कप्तानाकडे का जात नाहीस?"

"कप्तान तिचा दीर आहे."

"मग मीच जाते चौकात. माझा आवाज या टोकाहून त्या टोकापर्यंत जातो!"

देलने माझं मनगट पकडलं. इतकी ताकद त्या बुटक्या पोरीत असेल असं मला वाटलं नव्हतं. "मानाय, शब्द दिलाय."

"शब्द? उद्या ती पोर विकली जाईल गं!"

"मला कळतंय." तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती अर्लेनकडे वळली. "हे माझ्यामुळे झालंय, अर्लेन. खोका मी भरला. मला जेस्साला तेवढंच सांगू दे, की तो मी भरला. बाकी एक अक्षर नाही."

"तेवढं सांगितलंस की बाकीचं तिला कळेलच. मग काकूला, मग आईला." अर्लेनने डोळे मिटले. "नाही. नको."

देलने चष्मा वर सारला. मग म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'वर मी इतकी चिडले की तिच्याकडे पाठ फिरवली. आज मला तोच शब्द तिच्या साऱ्या प्रबंधाहून मोठा वाटतो. अर्लेनच्या वतीने तिच्या धर्ममातेने ठरवलं, बारवाल्याने ठरवलं, पोलिसांनी ठरवलं, आम्ही फाइल उघडून ठरवलं. जीव गळ्याशी आलेला असताना तिला 'तू ठरव' म्हणणारी ही पहिलीच होती. मला ते जमलं नसतं.

"मी ज्यासाठी आले ते करते," देल म्हणाली. "वाचते. तू ऐक आणि नको ते खोड."

पासिता मासळी वाळत घालायला किनाऱ्यावर गेली होती. देल बांबूच्या बाकावर बसली आणि तिने कागद काढले. अर्लेन शेजारी बसली, उठली, पुन्हा बसली. मग अचानक तिने हाक मारली, "जेस्सा! इकडे ये. ही एक गोष्ट वाचतेय, तूही ऐक."

देलने चमकून पाहिलं. अर्लेन म्हणाली, "वाच तू."

प्रबंधात अर्लेनचं नाव बदलून लूझ केलं होतं. जेस्सा पायऱ्यांवर बसली, कैरीला खारवलेली कोळंबी लावून खात. देल वाचत होती, लूझला बोटीत बसवताना कसं नवं घड्याळ दिलं, उतरल्यावर पासपोर्ट कसा काढून घेतला.

"बावळटच आहे," जेस्सा म्हणाली. "पासपोर्ट कुणी देतं का? मी असते तर पहिल्याच दिवशी पळाले असते."

देलने कागदावरून मान वर केली.

"वाच पुढे," अर्लेन म्हणाली.

देलने वाचलं. खोली, कडी, आणि लूझ पहिल्याच दिवशी पळाली होती ते, आणि तिला पकडून आणल्यावर इतर मुलींसमोर काय केलं ते. जेस्साचं तोंड हलायचं थांबलं.

"मग तिच्या घरचं कुणी आलं नाही? ज्या बाईने नोकरी लावली तिने सोडवलं नाही?"

"त्या बाईनेच विकलं होतं," देल म्हणाली. "तिची धर्ममाता होती."

"धर्ममाता?" जेस्सा उठून उभी राहिली. "कुठली ही मुलगी? हिचं खरं नाव काय?"

देलने तोंड उघडलं नाही. जेस्सा तिच्या अंगावर गेली, तिचा खांदा हलवला, तरी नाही. समुद्राकडे बघत ती नुसती बसून राहिली.

"इंदाय," अर्लेन म्हणाली, "पेन आहे ना? ते लूझ खोड. तिथे अर्लेन लिही."

देलने खोडलं. लिहिलं.

"ती बावळट मीच गं, जेस्सा," अर्लेन म्हणाली.

जेस्साने आधी खोलीतल्या खोक्याकडे पाहिलं, मग अर्लेनकडे. कैरी तिथेच टाकून ती अर्लेनच्या मांडीत कोसळली आणि एखाद्या लहान पोरासारखी रडली. आईला यातलं काही सांगायचं नाही, असं अर्लेनने तिच्याकडून कबूल करून घेतलं. मी त्याबद्दल काही म्हटलं नाही. गप्प कसं बसायचं ते मी देलकडून नुकतंच शिकले होते.

सकाळी लोर्ना स्वतः आली. पांढरी पँट, गळ्यात सोन्याची साखळी. पाण्याच्या हापशावर बायकांची रांग लागली होती. वाटेत ती प्रत्येकीच्या गालाला गाल लावत आली. जेस्साबरोबर जाणाऱ्या त्या दोन मुलींच्या पिशव्या बोटीत चढल्या होत्या.

"जेस्सा कुठाय? बोट थांबायची नाही."

अर्लेन दारात आली. "जेस्सा येत नाहीये, निनांग."

"असं काय करतेस? तुझं भलं झालं, आता बहिणीचं होऊ दे. एवढा खोका भरून आणलास..." हे ती हापशाकडे तोंड करून बोलली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

अर्लेनने देलकडे पाहिलं. देलने मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसतं तिच्याकडे पाहत राहिली.

"तो खोका टॅक्लोबानला भरलाय," अर्लेन म्हणाली. आवाज फाटला, पण तिने तो खाली येऊ दिला नाही. "तुम्ही मला जिथे विकलंत तिथून मी काहीही आणलेलं नाही. मी माझ्या अंगावरच्या कपड्यांनिशी सुटून आले. तिथे हॉटेल नाही. बाहेरून कडी लावलेली खोली आहे."

हापसा थांबला. त्या दोन मुलींपैकी एकीची आई रांगेतच होती. ती बादली टाकून बोटीकडे धावली. लोर्ना काहीतरी बोलायला लागली, खोटारडी म्हणाली, कृतघ्न म्हणाली, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं. सगळे पासिताकडे बघत होते. ती मासळीची परडी कमरेवर घेऊन अंगणाच्या कडेला उभी होती. कधीपासून, ते मला ठाऊक नाही.

तिने परडी खाली ठेवली. "लोर्ना, माझ्या अंगणातून चालती हो," ती म्हणाली. मग अर्लेनजवळ गेली.

"सुटून किती दिवस झाले तुला?"

"दीड वर्ष, नानाय."

"आणि टॅक्लोबानला बसून राहिलीस? इतक्या जवळ?"

"रिकाम्या हाताने कशी येऊ?"

पासिताने तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि त्याच हाताने तिला छातीशी ओढलं. "मेले, मी काय इथे साबणाची वाट बघत बसले होते?"